चित्रांतली भातुकली

भंडारा हें गांव पितळी भांड्यांसाठीं फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. रतनपूर येथील इ. स. ११०० च्या शिलालेखांत 'भानारा' या नांवानें त्याचा उल्लेख येतो, आणि या नांवाचा संबंध लोक भांड्यांशींच जोडतात. ही व्युत्पत्ति पंडितांस मान्य होवो वा न होवो, एवढें मात्र खरें कीं, या जिल्ह्यांतील जुन्या स्वयंपाकघरांत मांडणीवर ओळीनें ठेवलेले गुंड, घागरी, पराती, तपेलीं व तांबे हें घरच्या अब्रूचें आणि घरधनिणीच्या टापटिपीचें लक्षण समजलें जात असे. सणापूर्वीं चिंच व राख लावून भांडीं घासलीं म्हणजे अंधाऱ्या खोलींतहि ती मांडणी दिव्यासारखी उजळून निघे.

मांडणी हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं चालतो. भांडीं ठेवण्याची फळी ती मांडणी, आणि कोणती वस्तु कोठें व कशी ठेवावी हा विचार, तीहि मांडणीच. चित्रकाराचें काम या दुसऱ्या मांडणीपासून सुरू होतें. मेजावर एक घागर, तिच्याजवळ दोन फळें, मागें घड्या पडलेलें एक वस्त्र, अशा निर्जीव वस्तु मांडून त्यांचें जें चित्र काढतात त्यास स्थिरचित्र म्हणतात. खोली, तिच्या भिंती, खिडकी, सामानसुमान व तेथें वावरणारीं माणसें दाखविणाऱ्या चित्रास घरचित्र म्हटलें तरी चालेल. हे दोन्ही प्रकार जुने आहेत. परंतु गेल्या शतकापासून आजपावेतों अनेक चित्रकारांनीं या दोहोंशीं मोठा खेळ मांडला आहे. वस्तूला सावली नसते, मेजाची कड मोडलेली असते, फुलें प्लॅस्टिकचीं असतात, दुकानाचें लोखंडी दारच चित्र होऊन बसतें. हें पाहून साधा प्रेक्षक गोंधळतो व विचारतो, "हें चित्र आहे कीं जुन्या चित्रकलेची थट्टा?"

या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक मराठी घरांत आधींपासूनच आहे. लहान मुली इवल्याशा पितळी भांड्यांची भातुकली मांडतात. वाळूचा भात होतो, पाल्याची भाजी होते, विटेच्या तुकड्याची चूल होते. आईच्या स्वयंपाकाची टिंगल करावी म्हणून कोणी भातुकली मांडीत नाहीं. उलट, आई कसें वाढते, कसें रागावते, पाहुणा आला म्हणजे कशी लगबग करते, हें ज्या मुलीनें बारकाईनें पाहिलें असेल तिचाच खेळ रंगतो. वाळू म्हणजे भात नव्हे हें तिला ठाऊक असतें, आणि तरीहि ती गंभीरपणें वाढते. नव्या चित्रकाराचा खेळ हा या जातीचा आहे. तो कसा, हें समजण्यासाठीं प्रथम जुनें स्वयंपाकघर कसें होतें तें पाहिलें पाहिजे.

स्थिरचित्राच्या मुळाशींच एक खेळ आहे. झ्यूक्सिस व पार्‍हासिअस या दोन ग्रीक चित्रकारांची पैज लागल्याची गोष्ट प्लिनी या रोमन ग्रंथकारानें सांगितली आहे. झ्यूक्सिसनें द्राक्षांचे घड असे रंगविले कीं, पक्षी त्यांवर चोंच मारावयास आले. मग तो ऐटीनें प्रतिस्पर्ध्यास म्हणाला कीं, आतां तुझ्या चित्रावरचा पडदा दूर कर. तो पडदाच चित्रांतला होता. पक्ष्यांस फसविणारा चित्रकार स्वतः फसला, आणि त्यानें हार मानली. वस्तूचें हुबेहूब रूप काढणें म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांशीं लपंडाव खेळणें होय, हें या कथेचें मर्म आहे.

पुढें सतराव्या शतकांत हॉलंड देशांत या प्रकारास मोठा बहर आला. व्यापारानें श्रीमंत झालेल्या तेथील नागरिकांस देवादिकांच्या भव्य चित्रांइतकींच आपल्या घरांतील वस्तूंचीं चित्रें आवडूं लागलीं. हार्लेम येथील पीटर क्लास (१५९७–१६६०) यानें अर्धवट खाल्लेली रोटी, सोललेलें लिंबू, कलता पेला यांचीं चित्रें मोजक्या रंगांत काढलीं. त्याच्या कांहीं चित्रांत या वस्तूंच्या जागीं मनुष्याची कवटी, विझलेली वात आणि खिशांतलें घड्याळ येतें. संपत्ति व आयुष्य हीं दोन्ही क्षणभंगुर आहेत, असा त्यांचा उपदेश. वर्मीर (१६३२–१६७५) यानें खिडकींतून येणाऱ्या उजेडांत दूध ओतणारी दासी रंगविली, आणि एका साध्या खोलीस देवघराची शांति आणून दिली.

विद्वानांच्या दरबारांत मात्र या चित्रांना शेवटचें आसन होतें. इ. स. १६६७ मध्यें फ्रेंच अकादमींत झालेल्या व्याख्यानांस फेलिबियां यानें जी प्रस्तावना जोडली, तींत चित्रविषयांची उतरंडच लावलेली आहे. मनुष्याकृति सर्वांत वर, आणि फळें, फुलें, शिंपले अशा निर्जीव वस्तु सर्वांत खालीं. पुढें शार्दां (१६९९–१७७९) या चित्रकारानें ही उतरंड वादावांचून खोटी ठरविली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत त्याचें तांब्याच्या पाण्याच्या टाकीचें एक लहानसें चित्र आहे. विटकरी भिंत, तिपाईवरची तांब्याची टाकी, खालीं तोटी, जवळ एक बादली, याखेरीज त्यांत फारसें कांहीं नाहीं. भंडाऱ्याच्या एखाद्या वृद्ध कासारानें तें पाहिलें तर चित्रकाराचें नांव न विचारतां तो पत्र्याची जाडी सांगूं लागेल. नित्याच्या वस्तूकडे मनापासून पाहिलें तर ती राजाच्या मुकुटाइतकी भारदस्त होते, हें शार्दांनें शिकविलें.

आपल्या देशांत भांडीं, दिवे व आसनें चित्रांत आहेत, परंतु तीं बहुधा कथेच्या सेवेसाठीं. नुसत्या घागरीचें चित्र काढावें ही रीति पाश्चात्य पद्धतीच्या कलाशाळांबरोबर रुजली. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा इ. स. १८५७ मध्यें निघाली. तेथील परंपरेंतून वस्तूवर एका बाजूनें प्रकाश घेणें, भांड्याच्या तोंडाचें लंबवर्तुळ बरोबर साधणें, छाया व पडछाया वेगळ्या ओळखणें हे पाठ शाळाशाळांतून पसरले. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रांतील विद्यार्थी अजूनहि बसतात, आणि वस्तुचित्राची परीक्षा हा त्यांचा एक मुख्य भाग असतो. स्टुलावर ठेवलेली ती घागर आणि त्यामागचें तें वस्त्र भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील किती पिढ्यांनीं काढलें असेल याची गणतीच नाहीं.

घरचित्रांतहि मराठी चित्रकारांनीं नांव मिळविलें. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचें समईच्या उजेडांतील स्त्रीचें जलरंगांतील चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. तें इ. स. १९४५–४६ च्या सुमाराचें. अनेकांनीं तें राजा रविवर्म्याचें समजून त्याच्या नकला घरांत लावल्या. हातानें झांकलेल्या ज्योतीचा उजेड बोटांतून कसा लाल झिरपतो, हें पाहावयाचें असेल तर त्या चित्राकडे जावें. जुन्या मार्गाची ती परिपक्वता होय.

आतां नियम पुरा आत्मसात झाला म्हणजे खेळास आरंभ होतो. युरोपांत हा आरंभ सेझान (१८३९–१९०६) यानें केला. शिकागोच्या संग्रहालयांत त्याचें सफरचंदांच्या टोपलीचें चित्र आहे. त्यांतील मेजाची कड वस्त्राच्या एका बाजूस जेथें दिसते, दुसऱ्या बाजूस तेथें दिसत नाहीं. परीक्षकानें गुण कापावेत असाच हा प्रमाद. परंतु सेझानचें म्हणणें त्या प्रमादांतच आहे. मनुष्य एका जागीं खिळून, एक डोळा मिटून पाहत नाहीं. तो मान वळवितो, थोडा सरकतो, आणि त्या साऱ्या दर्शनांची गोळाबेरीज करून वस्तु जाणतो.

इ. स. १९११ मध्यें मातीस यानें आपल्या कामाच्या खोलीचें चित्र काढलें व भिंती, जमीन, मेज सर्व एका तांबड्या रंगांत बुडविलें. मध्यें उभें असलेल्या घड्याळास त्यानें कांटेच दिले नाहींत. काम करणाऱ्या माणसास वेळ कळत नाहीं, हें इतक्या थोडक्यांत कोणत्या निबंधांत सांगतां येईल? पुढल्याच वर्षीं, इ. स. १९१२ मध्यें, पिकासोनें वेताच्या खुर्चीचें एक स्थिरचित्र केलें. त्यांत वेत रंगविण्याऐवजीं वेताची नक्षी छापलेलें मेणकापड त्यानें चिकटविलें आणि चौकट म्हणून भोंवतीं दोर गुंडाळला. येथें झ्यूक्सिसचीच पैज उलटी झाली. चित्रकारानें हुबेहूब वेत काढण्याची मेहनत बाजारांतल्या छापील कापडावर सोंपविली आणि विचारलें, "आतां खरें कोणतें व चित्र कोणतें?" इ. स. १९२९ मध्यें माग्रीत यानें धूम्रपानाची एक नळी अगदीं जुन्या शिस्तीनें रंगवून तिच्याखालीं लिहिलें कीं, ही नळी नव्हे. तें शब्दशः सत्यच होतें. चित्रांतल्या नळींत तंबाखू भरतां येत नाहीं. वाळूचा भात खातां येत नाहीं, तसेंच तें.

भारतीय चित्रकारांनीं हा खेळ नुसता उसना घेतला नाहीं, तर आपल्या अंगणांत आपल्या भांड्यांनिशीं मांडला. त्यांत प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचें नांव मराठी वाचकानें प्रथम घ्यावें. त्यांचा जन्म अलिबागजवळील नागांवचा व शिक्षण जे. जे. कलाशाळेंतलें. इ. स. १९६१ पासून सुमारें दोन दशकें त्यांनीं विणकर सेवा केंद्रांत काम केलें. त्यांतील पहिलीं कांहीं वर्षें वाराणसीस गेलीं. मोहाडी, आंधळगांव, पवनी येथील हातमागावर कोसा विणणाऱ्यांस हें कळावयास वेळ लागणार नाहीं कीं, नक्षीची जागा आणि मोकळ्या कापडाची जागा यांचें माप ज्यानें वीस वर्षें डोळ्यांत ठेवलें, त्याच्या चित्रांत मोकळी जागा फुकट जात नाहीं. बरव्यांच्या चित्रांत पान, शिंपला, किल्ली, घड्याळ, फळ, लिफाफा अशा साध्या वस्तु येतात. त्या बहुधा सपाट, रेखीव कडांच्या व सावलीविना असतात. रंगहि पुष्कळदां दारेंखिडक्यांना लावतात तो तकतकीत इनॅमल. परीक्षेच्या घागरीस मेज असतें, भिंत असते, एका बाजूचा उजेड असतो. बरव्यांच्या वस्तूंचें मेजच काढून घेतलेलें असतें. त्या मोकळ्या अवकाशांत एकमेकींपासून दूर तरंगतात, आणि पाहणाऱ्यास वाटूं लागतें कीं, हें पान त्या घड्याळास कांहीं तरी सांगत आहे. सृष्टींतला काळ पान मोजतें, मनुष्याचा काळ घड्याळ मोजतें, अशी एखादी जोड ज्याची त्यानें लावावी. त्यांनीं आपला चित्रविचार 'कोरा कॅनव्हास' या मराठी ग्रंथांत मांडला असून तो इ. स. १९९० मध्यें प्रसिद्ध झाला. इ. स. २०१९ मध्यें मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें.

बरव्यांचा खेळ एकांतांतला आहे, तर भूपेन खक्कर (१९३४–२००३) यांचा भर बाजारांतला. मुंबईंत जन्मलेले व पुढें बडोद्यास स्थायिक झालेले खक्कर हिशेबतपासनीस होते. घड्याळदुरुस्तीचें दुकान, शिंप्याचें दुकान हे त्यांचे इ. स. १९७२ च्या सुमाराचे विषय. हॉलंडच्या चित्रकारानें श्रीमंताची खोली रंगविली, खक्करांनीं फुटपाथवरच्या कारागिराची खोली रंगविली, आणि तीहि दिनदर्शिका व दुकानाच्या पाट्या यांच्या भडक रंगांत. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रांत एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ हातीं धरून उभा आहे. जुन्या स्थिरचित्रांत फूल आलें कीं तें कोमेजणार हें अध्याहृत असे, आणि त्यांतूनच नश्वरतेचा उपदेश निघे. प्लॅस्टिकचें फूल कोमेजत नाहीं. मग उपदेश कोणाला? फूल टिकतें, धरणारा मात्र थकतो. प्रथम हंसूं येतें आणि मागाहून मन गलबलतें, असा हा विनोद आहे.

अतुल दोडिया (जन्म १९५९) हे मुंबईच्या घाटकोपरचे. त्यांनीं दुकानाचें वर सरकणारें लोखंडी शटर हेंच चित्रफलक केलें. त्यांच्या इ. स. २००२ मधील 'महालक्ष्मी' या कृतींत शटर खालीं असतां त्यावर देवघरांतल्या तसबिरीसारखी लक्ष्मी दिसते. शटर वर केलें म्हणजे आंत हुंड्याच्या विवंचनेपायीं गळफांस घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. घराचें दर्शनी दार आणि घराचें अंतरंग यांतलें अंतर दाखविण्यास यापरतें साधन कोणतें? पार्‍हासिअसचा पडदा उघडत नव्हता. हा पडदा उघडतो, आणि उघडल्यावर हंसूं येत नाहीं. खेळ हा शब्द येथें हलका वाटेल. परंतु खेळाच्या रूपानेंच मनुष्य कधीं कधीं असें सत्य उच्चारूं शकतो कीं जें सरळ बोलतां त्याची जीभ अडखळते.

भंडाऱ्याच्या लोकांस सर्वांत जवळचा वाटावा असा चित्रकार मात्र बिहारचा आहे. सुबोध गुप्ता यांचा जन्म इ. स. १९६४ मधील, खगौल गांवचा. बिनडाग पोलादाचीं म्हणजे स्टीलचीं भांडीं हा त्यांचा ध्यास. पेले, डबे, थाळ्या, बादल्या यांचीं त्यांनीं तैलचित्रें काढलीं आणि त्यांस स्टिल, स्टील, स्टील असें नांव दिलें. उच्चारांत जवळजवळ सारख्या असलेल्या या तीन इंग्रजी शब्दांचे अर्थ निश्चल, चोरणें व पोलाद असे आहेत. स्थिरचित्राचें इंग्रजी नांव, दुसऱ्यांची परंपरा उचलल्याचा कबुलीजबाब आणि भांड्याची धातु, हें सारें त्या एका श्लेषांत येतें. इ. स. २००६ मध्यें त्यांनीं स्टीलच्या भांड्यांचीच एक प्रचंड कवटी रचली. पुढल्या वर्षीं ती इटलींतील व्हेनिस शहरीं कालव्याच्या कांठीं मांडण्यांत आली होती. पीटर क्लासच्या मेजावरची ती लहानशी कवटी येथें भुकेच्या रूपानें परत आली. भांडीं चकचकीत आहेत पण रिकामीं आहेत, हें सांगावयास तेथें एकहि अक्षर लागलें नाहीं.

यांच्या पंक्तींत ठाण्याचे सुधीर पटवर्धन (जन्म १९४९, पुणें) यांनाहि बसविलें पाहिजे. क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर म्हणून त्यांनीं अनेक वर्षें काम केलें. माणसाच्या आंतलें पाहण्याची संवय त्यांच्या चित्रांतहि उतरली, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं. त्यांच्या घरचित्रांत वर्मीरची निवांत खिडकी सांपडत नाहीं. शहरांतील दाटीवाटीच्या घरांतलीं माणसें एका खोलींत असूनहि एकमेकांपासून किती दूर असतात, तें तेथें दिसतें. मोठा चमत्कार न करतां जुनी रीति थोडीशी वळविली तरी नवा अर्थ निघतो, याचें तें उदाहरण होय.

एवढीं उदाहरणें पाहिल्यावर खऱ्या खेळाची परीक्षा करण्यास तीन प्रश्न पुरेसे आहेत. चित्रकारानें कोणता जुना नियम मोडला? तो नियम त्यास ठाऊक होता काय? आणि मोडल्यामुळें पाहणाऱ्यास असें काय दिसलें कीं जें नियम पाळून दिसलें नसतें? सेझानची मोडकी कड, बरव्यांची हरवलेली सावली, खक्करांचीं न कोमेजणारीं फुलें हीं या तिन्ही प्रश्नांस उत्तर देतात. ज्या चित्राकडून तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं, तें कितीहि विचित्र असो, तें नुसती विचित्रताच होय. भातुकली मांडतां येत नाहीं म्हणून भांडीं आपटणारें मूल खेळत आहे असें कोणी म्हणत नाहीं.

हा खेळ या भागास परकाहि नाहीं. झाडीपट्टींतील नाटक पाहण्यास रात्रभर बसणारा प्रेक्षक रंगविलेल्या पडद्यास राजवाडा मानतो व नंतर दुसऱ्या पडद्यास रान मानतो. कापड आहे हें त्यास ठाऊक असतें, आणि तरी तो रडतो. भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात तेव्हां कांहीं घरीं घरचींच भांडीं वा कोठ्या एकावर एक ठेवून, त्यांवर मुखवटा बसवून, भोंवतीं लुगडें नेसवितात, आणि काल मांडणीवर असलेलें भांडें आज देवीचें शरीर होतें. ज्या लोकांस भांड्यांतून देवी घडवितां येते, त्यांना भांड्यांची कवटी करणाऱ्या चित्रकाराचें मन कळणार नाहीं असें कसें म्हणावें?

यांत नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाहीं. भंडाऱ्याच्या मांडणीवरचें पितळ बहुतेक घरांतून उतरलें आहे. स्टील हलकें, त्यास कल्हई लागत नाहीं, चिंच लागत नाहीं. प्लॅस्टिक त्याहूनहि स्वस्त. गृहिणीचे श्रम वांचले हें चांगलेंच झालें, आणि त्याबद्दल कोणी शोक करूं नये. परंतु आहेरांत मिळालेलें, कांठावर आजीचें नांव कोरलेलें भांडें जेव्हां मोडींत निघतें, तेव्हां तराजूवर धातूचें वजन होतें, नांवाचें होत नाहीं. भट्टींत दोन्ही वितळतात. आणि त्याच वेळीं चित्रकलेच्या तासाला विद्यार्थी त्याच घागरीचें चित्र काढीत असतो. घागर कोठून तरी मागून आणलेली असते. त्याच्या घरीं ती नसते. म्हणून तो तिच्याकडे न पाहतां मार्गदर्शक पुस्तकांतलें लंबवर्तुळ पाठ करतो. जी वस्तु त्यानें हातीं घेतली नाहीं तिचें वजन त्याच्या रेषेंत कोठून यावें?

अशा विद्यार्थ्यानें उद्यां आपल्या घरची खरी मांडणी काढली, त्यांत पाण्याचा प्लॅस्टिकचा डबा, स्टीलचा गुंड, वाटण्याचें यंत्र, भिंतीवर लटकणारी मोबाईलची तार आणि कोपऱ्यांत धूळ खात पडलेली आजीची परात असें सर्व दाखविलें, तर त्यास चूक म्हणावें काय? लंबवर्तुळ चुकलें असेल तर तें अवश्य दाखवून द्यावें, कारण नियम आल्यावांचून खेळ येत नाहीं. परंतु विषय चुकला असें कोणा शिक्षकानें म्हणूं नये. शार्दांनें आपल्या घरची टाकी काढली, गुप्तांनीं आपल्या घरचे डबे काढले. भंडाऱ्याच्या मुलानें आपल्या घरचें काढावें, यांत परंपरेचा भंग नसून तिचें पालनच आहे. आणि त्या कोपऱ्यांतल्या परातीकडे निदान चित्र काढण्यापुरतें कोणी तासभर टक लावून पाहिलें, कांठावरचें नांव वाचलें व तें कोणाचें म्हणून घरांत विचारलें, तर तेवढ्यापुरती ती मोडींतून परत आली असें समजावें.

चित्र पाहण्यास मुंबईस किंवा परदेशास जाणें सर्वांस शक्य नाहीं. मांडणी मात्र प्रत्येक घरांत आहे. सकाळचा कोंवळा उजेड स्वयंपाकघराच्या खिडकींतून आंत येतो त्या वेळीं तिच्याकडे एकदां स्वस्थपणें पाहावें. कोणती वस्तु पुढें आली, कोणती मागें गेली, कोणती कायमची नाहींशी झाली, याचा विचार करावा. एवढें ज्यानें केलें त्यास वर्मीरची खोलीहि कळेल आणि बरव्यांचें तरंगणारें पानहि कळेल. भातुकली मोडून ठेवण्याची वेळ झाली म्हणजे मुलें भांडीं मोजून डब्यांत भरतात, एकहि हरवूं देत नाहींत. मोठ्यांनींहि आपल्या घरच्या भांड्यांच्या बाबतींत एवढें तरी करावें.